बारा पस्तीसची हजेरी

१

“आधी ऐकायचं, भानू. पुरतं ऐकायचं. दुसरं कुणी बोलत नाही याची खात्री पटली, की मगच बटण दाबायचं.”

अनंतरावांनी हे सांगितलं त्याला अठ्ठावीस वर्षं होऊन गेली. हॅम रेडिओचा परवाना नुकताच पोस्टानं आला होता. गारखेड्यातल्या घराच्या गच्चीवरच्या खोलीत यंत्र मांडलं होतं, आणि भानुमतीबाई पदराला हात पुसत कौतुकानं मायक्रोफोन उचलायला गेल्या होत्या. परवाना काही त्यांनी कधी काढला नाही, पण तो नियम तेवढा उचलला. घरात सासूबाई होत्या, येणाऱ्याजाणाऱ्या नणंदा होत्या. आधी ऐकायचं, या एका नियमावर त्यांचा संसार फारशी भांडी न वाजवता पार पडला होता.

आज मात्र ऐकायला काहीच नव्हतं. सकाळी अनंतराव गच्चीवरून खाली आले ते मुकेच. पुढ्यातले पोहे चिवडत बसले.

“मीठ कमी पडलंय का?”

“नाही गं.”

“मग घास का उतरत नाही?”

“काल पुन्हा झालं म्हणे,” ते म्हणाले.

काय झालं ते भानुमतीबाईंना विचारावं लागलं नाही. अनंतराव रोज सकाळी सातच्या ठोक्याला रेडिओवर हजेरी घेत. देवगाव रंगारी, करमाड, पैठण, वैजापूर, अशी जिल्ह्यातल्या रेडिओवाल्यांची नावं एकेक करून पुकारायची, आणि प्रत्येकानं “हजर” म्हणायचं. उद्या पूर आला, फोन बंद पडले, तर कुणाचं यंत्र चालतंय हे ठाऊक असावं, एवढ्यासाठी. अठ्ठावीस वर्षांत त्यांची ही हजेरी चुकली ती फक्त तीन दिवस, गेल्या कार्तिकात, ताप भरला तेव्हा.

आणि आता तीन आठवडे झाले, एक भलतंच सुरू झालं होतं. अनंतरावांचा आवाज दुपारीही हजेरी घेत होता. साडेबारा वाजून पाच मिनिटं झाली, की तीच नावं, त्याच क्रमानं. लोक “हजर” म्हणत, काही विचारत. आवाज कुणालाच उत्तर देत नसे. आपला पुढचं नाव घेई आणि शेवटी थांबे. लोक फोन करून अनंतरावांना विचारत, “काका, दुपारी रागावला होता का?” आणि अनंतराव त्या वेळी रेडिओच्या खोलीतच, खाटेवर झोपलेले असत. त्यांना काही म्हणजे काही आठवत नसे.

“रविवारी सगळे रेडिओवाले आपल्याकडं जमणार आहेत,” अनंतराव म्हणाले. “हजेरी करमाडच्या करुणाकडं सोपवतो. पत्र लिहून ठेवलंय. झोपेत बडबडणाऱ्या माणसाच्या हातात मायक्रोफोन नसावा.”

“आणि तुम्ही काय करणार?”

“येईन की तुझ्याबरोबर देवळात.”

अठ्ठावीस वर्षं भानुमतीबाईंनी नेमकं हेच मागितलं होतं. आज ते मिळालं, आणि आता त्यांना ते नको होतं.

“एकदा हिमांशूच्या कानावर घालू या का?” त्यांनी हळूच विचारलं. हिमांशू त्यांचा मुलगा. वाळूजच्या कारखान्यात पाळीवर जायचा.

“अजिबात नाही. तो उद्याच मला मेंदूच्या डॉक्टरपुढं बसवेल. देवासमोर शब्द दे, भानू. यातलं अक्षर त्याला सांगणार नाहीस.”

त्यांनी देवासमोर हात जोडून शब्द दिला. दिलेला शब्द म्हणजे त्यांच्या लेखी एकादशीसारखा. अर्धा पाळता येत नसे. म्हणजे जे काय शोधायचं ते एकटीनंच, आणि रविवारच्या आत. आज बुधवार होता.

तेवढ्यात फोन वाजला. “काकू,” पलीकडून देवगाव रंगारीचा बद्रीनाथ बोलत होता, “मी फटफटी काढलीय. आज त्या आवाजाचं मूळ धरून देतो तुम्हाला.”

२

बद्रीनाथ शेतकरी, चाळिशीचा, आडदांड. रेडिओचं वेड अनंतरावांनीच लावलेलं. आला तो एका हातात तुरीच्या शेंगांची पिशवी आणि दुसऱ्या हातात पाइपाला लोखंडी पट्ट्या बांधलेलं काहीतरी घेऊन.

“शेंगा मीठ टाकून उकडा, काकू. अन् ह्यो माझा सापळा.”

“ही तर सुताराची टेप दिसतेय.”

“सुताराचीच हाय. कापून अँटेना केलीय. जिकडून आवाज येतो तिकडं तोंड केलं का लई जोरात ऐकू येतं. कुणीतरी काकांची नक्कल करतंय, मी सांगतो. त्याच्या दारात जाऊन उभा राहतो का नाय बघा.”

अनंतराव जेवून वर झोपायला गेले होते. ते दोघं गल्लीच्या तोंडाशी, किराणा दुकानाच्या सावलीत उभे राहिले. बद्रीनाथनं कानात इअरफोन खुपसला. बारा पस्तीस झाले, आणि त्याचा चेहरा बदलला.

“आला,” तो पुटपुटला.

त्यानं अँटेना दुकानाकडं वळवली, शाळेकडं, पाण्याच्या टाकीकडं. मग हळूहळू मागं फिरवली आणि तिथंच धरली. भानुमतीबाईंनी त्या पट्ट्यांच्या रोखानं पाहिलं. समोर त्यांचीच गच्ची होती.

त्या वयात बाई धावल्या. जिना चढून खोलीच्या दाराशी पोचेतो बद्रीनाथ म्हणाला, “थांबला आवाज.” दाराला आतून कडी होती. भानुमतीबाईंनी दार वाजवलं, पुन्हा वाजवलं. कडी निघाली. दारात अनंतराव उभे, केस विस्कटलेले, डोळ्यांत झोप.

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. दुसरं दारही नव्हतं. टेबलावर रेडिओ शांत होता. तो दिवसभर चालूच असे. कुणी हाक मारली तर कळावं म्हणून. रेडिओला तारेनं जोडलेल्या संगणकाच्या पडद्यावर एकही चौकट उघडी नव्हती. वर भिंतीवर दोन घड्याळं टिकटिकत होती. त्यातलं एक साडेपाच तास मागं. नवखा पाहुणा हमखास सांगायचा, काकू, याचा सेल संपलाय.

अनंतरावांची नजर बद्रीनाथच्या हातातल्या अँटेनाकडं गेली. तिचं तोंड अजून त्यांच्याकडंच होतं.

“म्हणजे मीच आहे ना रे?” त्यांनी विचारलं.

बद्रीनाथनं अँटेना पाठीमागं लपवली.

३

भानुमतीबाईंनी चहा टाकला. आलं जास्तच किसलं.

“बद्रीनाथ, तो आवाज काय काय बोलतो ते मला सगळं सांग. एकही शब्द गाळू नको.”

“त्याच्यात काय सांगायचं, काकू? रोजचंच.”

“रोजचंच सांग.”

बद्रीनाथनं घसा खाकरला आणि अनंतरावांची हुबेहूब ढब धरली. “नमस्कार मंडळी, हजेरी घेतो. देवगाव रंगारी? करमाड? पैठण?” वैजापूरपाशी तो अडखळला. “हितं जरा वाईट वाटतं बघा. काका ‘वैजापूर, शिवराज’ असं म्हणत्यात. शिवराज तर दिवाळीलाच नाशकाला बदलून गेला. सकाळच्या हजेरीत काका त्याचं नाव घेत नायत. दुपारी घेत्यात. म्हून तर सगळे म्हनाया लागले का, काकांचं वय...”

“सगळे म्हणजे कोण?”

“आता कुणाचं नाव घ्यावं! मी बी म्हणलो असंल एकदा.”

“बरं. पुढं?”

“पुढं काय नाय. शेवटाला सगळ्यांना रामराम. अन् मागं तुमची देवाची घंटी वाजत असती, बारीक.”

भानुमतीबाईंच्या हातातली गाळणी कपावरच राहिली.

“दुपारी? घंटी?”

“व्हय. रोज. आज बी होती.”

त्यांनी चहा गाळला, कप पुढं केला, आणि स्वतः ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. त्यांच्या घरात घंटा दिवसातून एकदाच वाजे. सकाळी सातनंतर, वर हजेरी चालू असताना, दूधसाखरेच्या नैवेद्याला. देवघर जिन्याखाली, तो आवाज वरपर्यंत जाई, आणि अनंतराव गमतीनं म्हणत, तुझ्या देवानंही हजेरी दिली. संध्याकाळी फक्त दिवा आणि हात जोडणं. दुपारी तर देवाचीही झोपायची वेळ. पस्तीस वर्षांत हा नेम मोडला नव्हता.

मग बारा पस्तीसला घंटा वाजवत होतं कोण?

कुणीच नाही. ती सकाळचीच घंटा होती. आणि घंटा सकाळची, तर तिच्या पुढचा आवाजही सकाळचाच. कुठल्यातरी जुन्या सकाळचा, शिवराज वैजापुरात होता तेव्हाचा. कुणीतरी तो धरून ठेवला होता आणि रोज दुपारी सोडत होतं.

“बद्रीनाथ, सकाळची हजेरी कुणी टेप करून ठेवतं का रे?”

“करमाडच्या करुणामॅडम ठेवत्यात की. रोज.” बोलून झाल्यावर त्याला अर्थ लागला. “काकू! रविवारी हजेरी तर त्यांनाच मिळायची हाय.”

४

गुरुवार. मार्गशीर्षातला, म्हणजे भानुमतीबाईंचा उपास. अनंतरावांना त्यांनी इतकंच सांगितलं, “जरा बाहेर जाऊन येते. संध्याकाळच्या पूजेला येईन. तुम्ही फोन उशाशी ठेवा, आणि रेडिओ बंद करू नका.”

“आता चालू ठेवून काय करायचंय?”

“रविवारपर्यंत राहू द्या. माझ्यासाठी.”

मुकुंदवाडीवरून त्यांनी जालन्याकडं जाणारी बस धरली. करमाडला शाळेत मधली सुट्टी नुकतीच झाली होती. करुणा व्हरांड्यात मुलांच्या रांगेला ओरडत होती. पस्तिशीची, चटपटीत, गणित शिकवायची. भानुमतीबाईंना पाहून तिचा आवाज एकदम खाली आला.

“काकू, तुम्ही? इतक्या लांब? काका बरे आहेत ना?”

ती त्यांना रिकाम्या वर्गात घेऊन गेली. डब्यातली पोळीभाजी पुढं केली. “उपास आहे,” म्हटल्यावर पिशवीतून केळं काढलं.

“करुणा, रविवारी काका तुला हजेरी देणार आहेत. माहिती आहे?”

“माहिती आहे.” तिचे डोळे भरले. “मला हवी होती, काकू, खोटं कशाला बोलू? पण अशी नको होती. काकांनी स्वतः हात धरून द्यावी, दोन चुका काढाव्यात, मी भांडावं. ही तर मला मेल्या घरचं सामान उचलल्यासारखी वाटतेय.”

भानुमतीबाई गप्प राहिल्या. अशा वेळी दुसरा माणूस आपणहून पुढं बोलतो, हे त्यांना ठाऊक होतं.

“तुम्हाला माझाच संशय आहे का?” करुणानं विचारलं.

“तू दुपारचा तो आवाज ऐकलायस का?”

“कधीच नाही. शाळेत रेडिओ बंद ठेवावा लागतो. नुसतं लोकांकडून ऐकते.”

“आज ऐकू या. किती वाजले?”

बारा चौतीस झाले होते. करुणानं पर्समधून मुठीएवढा रेडिओ काढला, खिडकीत जाऊन चालू केला. नुसती खरखर. बाहेर मुलं हात धुताना एकमेकांवर पाणी उडवत होती. आणि मग खरखरीतून तो आवाज आला, जरा घोगरा, मायेचा.

“नमस्कार मंडळी, हजेरी घेतो. देवगाव रंगारी?”

भानुमतीबाईंनी मोबाइल काढला आणि अनंतरावांचा नंबर लावला. एक घंटी, दुसरी, तिसरी. रेडिओत हजेरी करमाडच्या नावापर्यंत पोचली होती.

“हॅलो?” फोनमध्ये अनंतराव झोपाळू आवाजात म्हणाले. “भानू? पोचलीस का?”

“पैठण?” रेडिओत अनंतराव म्हणाले.

करुणानं रेडिओ कानाशी धरला, मग भानुमतीबाईंच्या फोनकडं पाहिलं.

“अहो,” भानुमतीबाई म्हणाल्या, “तुम्ही कुठं आहात?”

“खाटेवर. का गं?”

“रेडिओकडं बघा. बोलताना लागतो तो लाल दिवा लागलाय का?”

फोनमध्ये खाट करकरली. मग टेबलाकडं जाणारी पावलं. रेडिओत वैजापूर झालं, शिवराज झाला, आणि लांबून, अगदी बारीक, घंटा वाजली.

“भानू,” अनंतराव म्हणाले, “दिवा लागलाय गं. मायक्रोफोन खुंटीवर आहे, माझे दोन्ही हात फोनला आहेत, आणि दिवा लागलाय.”

“मग नीट ऐका. तुमच्या डोक्याला काहीही झालेलं नाही.”

पलीकडं कुणी बोललं नाही. अनंतराव रडत असताना आवाज करत नसत, हे फक्त भानुमतीबाईंनाच माहीत होतं.

५

फोन ठेवला तेव्हा करुणा पांढरीफटक पडली होती.

“काकू, ती माझी प्रत आहे. भाद्रपदातल्या एका सकाळची. स्वच्छ ऐकू येते म्हणून, फक्त काकांचा आवाज ठेवून मी ती... दिली होती.”

“कुणाला?”

“ते नका विचारू. शब्द दिलाय. काकांच्या पंच्याहत्तरीला गंमत करायची आहे असं मला सांगितलं होतं. त्यात वाईट काही नाही, काकू, आईशपथ.”

“शब्द दिला असशील तर पाळ,” भानुमतीबाई म्हणाल्या. “मला नाव नको. फक्त मला एक सांग. आमच्या वरच्या खोलीत ते दुसरं घड्याळ साडेपाच तास मागं का असतं?”

करुणाला हसू आलं. “ती जगाची वेळ, काकू. लंडनजवळची. जगभरचे रेडिओवाले तीच वेळ वहीत लिहितात, म्हणजे घोळ होत नाही. आमची सातची हजेरी काका दीड वाजता म्हणूनच नोंदवतात. काकांचा संगणकसुद्धा त्याच वेळेवर चालतो. आमच्यातल्या पोरासोरांनाही हे माहीत असतं.”

परतीच्या बसमध्ये भानुमतीबाईंनी खिडकीजवळची जागा धरली आणि बोटांवर हिशेब घातला. आपले बारा पस्तीस. त्यातून साडेपाच तास वजा. सात वाजून पाच मिनिटं.

त्या स्वतःशीच “अगंबाई” म्हणाल्या. शेजारच्या बाईनं वळून पाहिलं.

हा आवाज दुपारसाठी ठेवलेलाच नव्हता. तो सकाळी सात पाचसाठी होता. हजेरी सातला, पाच मिनिटं वाट पाहायची, अनंतराव बोलले नाहीत तर त्यांच्या जागी यानं बोलायचं. म्हणजे हे करणाऱ्याला अनंतरावांची नाचक्की करायची नव्हती. त्यांची गैरहजेरी झाकायची होती. आणि बद्रीनाथ काय, करुणा काय, दोघंही रेडिओवाले. ते ही वेळेची चूक स्वप्नातही करणार नाहीत. चूक करणारा रेडिओवाला नव्हता. पण वरच्या खोलीत त्याला मोकळेपणानं जाता येत होतं, अनंतरावांची हजेरी चुकू नये असं त्याला मनापासून वाटत होतं, आणि ही गोष्ट अनंतरावांना कळू नये असंही.

असा माणूस त्यांच्या माहितीत एकच होता. कार्तिकात तापाच्या तीन रात्री तो बापाच्या उशाशी बसून होता.

घरी पोचल्यावर त्या तडक वर गेल्या. अनंतराव संगणकापुढंच बसले होते. चेहरा धुतलेला, चष्मा पुसलेला.

“मी सगळं तपासलं, भानू. एकही कार्यक्रम चालू नाही. मी रोज सगळ्या चौकटी फुली मारून बंद करतो.”

“अहो, शेगडीची कळ बंद केली म्हणजे सिलिंडरची बंद होते का? पडद्यावरचं तुम्ही बंद केलंत. पडद्यामागं काही चालू असेल तर?”

अनंतरावांनी कपाळावर हात मारून घेतला. “मी स्वतःच्या डोक्यात बिघाड शोधत बसलो, गं. इथं बघितलंच नाही.”

त्यांनी टास्क मॅनेजर उघडला. पडद्यामागं चालणाऱ्या कामांची यादी आली, लांबच लांब. दोघं नवराबायको गाल गालाला लागेल इतके वाकून एकेक ओळ वाचू लागले. अर्ध्यावर इंग्रजी अक्षरांत एक मराठी नाव आलं.

‘बाबांची हजेरी’.

अनंतरावांनी ते दोनदा वाचलं. जगात त्यांना बाबा म्हणणारा माणूस एकच होता. त्यांनी त्या ओळीवर बाण नेला आणि ‘एंड टास्क’ दाबलं. ओळ नाहीशी झाली. खात्रीसाठी त्यांनी संगणक बंद करून पुन्हा चालू केला.

यादीत ती ओळ परत आली होती.

“चिवट आहे पोरगं,” अनंतराव म्हणाले. मग त्यांनी दुसरी यादी काढली, संगणक सुरू होताना आपोआप जागं काय काय व्हावं त्याची, आणि त्यातून ते नाव काढलं. पुन्हा बंद, पुन्हा चालू. या वेळी ओळ आली नाही.

“आवाजाची ती फाइल पुसू का?”

“राहू द्या,” भानुमतीबाई म्हणाल्या. “आणि एक. मी हिमांशूला अक्षर सांगितलेलं नाही. आता काय ते तुम्ही सांगा.”

६

हिमांशू पाच वाजता आला. पायातले बूट काढतोय तोच वरून हाक आली. खुर्चीत बाप, दाराशी पूजेची फुलं निवडत आई, आणि पडद्यावर त्याचाच कार्यक्रम. तो उभाच राहिला.

“करुणाताईंनी सांगितलं?”

“तिनं तोंड उघडलं नाही. तुझ्या आईनं घंटेवरून ओळखलं. बस आधी.”

हिमांशू खाटेच्या कडेवर बसला. “बाबा, तुम्हाला ताप होता ना, तेव्हा तिसऱ्या दिवशी करुणाताईंनी हजेरी घेतली. तुम्ही ऐकलंत, आणि भिंतीकडं तोंड करून म्हणालात, चला, आपल्यावाचून काही अडत नाही. मला ते... मग कंपनीतल्या एका मित्राकडून हे करून घेतलं. सात पाचपर्यंत मायक्रोफोनवर तुमचा आवाज आला नाही तर यानं बोलायचं. पण त्यानंतर तुम्ही एकदाही चुकला नाहीत. मला वाटलं, याची पाळीच आली नाही.”

“रोज आली, गाढवा! रोज दुपारी आली! हा संगणक लंडनच्या वेळेवर चालतो!” अनंतरावांना हसू आवरेना. हसता हसता खोकला आला, पाणी प्यावं लागलं. हिमांशूला तीन आठवड्यांची सगळी कहाणी ऐकायला मिळाली तसा त्याचा चेहरा उतरत गेला.

“आणि तुम्ही मला सांगितलं नाही?”

“तू आम्हाला सांगितलंस?” आईनं फुलांवरून मान वर न करता विचारलं.

मग अनंतराव गंभीर झाले. “हिमांशू, तुझी माया मला कळली. पण एक लक्षात घे. उद्या कुणी पुरात अडकलं, रेडिओवर ‘ऐकताय का’ म्हणालं, आणि माझा आवाज त्याला उत्तर न देता पुढचं नाव घेत गेला, तर तो माणूस काय समजेल? मी नसेन तेव्हा ती जागा रिकामी दिसू दे. करुणानं ती भरली, बरंच केलं. मीच तेव्हा लहान मुलासारखा रुसलो.”

रविवारी गच्चीवर सगळे जमले. अनंतरावांनी पत्र काही वाचलं नाही. स्वतःची फजिती मात्र इतकी रंगवून सांगितली, की बद्रीनाथच्या बशीतला चहा सांडला. शेवटी त्यांनी करुणाला जवळ बोलावलं. दर सोमवारची हजेरी तिची. “आणि पैठणचं नाव घेताना घाई करतेस, ती करायची नाही.” करुणा भांडली. पोटभर भांडली.

निघताना बद्रीनाथ घुटमळला. “काका, एक बोलू का? माझी आई लई हिरमुसलीय.”

“वच्छलाबाई? का रे?”

“तिला आता दिसत नाय. दुपारी आम्ही समदे रानात. मी तिच्यापाशी जुना रेडिओ लावून ठेवतो, नुसता ऐकायला. ती रोज दुपारी तुमचा आवाज ऐकायची. तिला वाटायचं, हा मानूस सगळ्यांना हाका मारतोय अन् कुणी धड जबाब देत नाय. मग ती आपली दर नावाला घरातल्या घरात म्हणायची, हाय बाबा, मी हाय. शुक्रवारपासून आवाज बंद. इचारती, त्या हजेरीच्या मास्तरला काय झालं?”

अनंतरावांनी चष्मा काढला. वच्छलाबाईंना परवाना नव्हता. हजेरीत त्यांचं नाव घेता येत नव्हतं, आणि नियमाबाहेर अनंतराव जाणारे नव्हते.

“सांग तिला,” ते म्हणाले, “मास्तर उद्या येतोय. तिची हजेरी समोर बसून घेतो. शब्द दिला म्हणून सांग.”

सोमवारी सातला करुणानं नावं पुकारली. गारखेड्याचं नाव आलं तेव्हा अनंतराव “हजर” म्हणाले आणि मायक्रोफोन खुंटीला लावून खाली आले. हिमांशू रात्रपाळी करून आला होता, गाढ झोपला होता. उठला असता तर गाडी काढतो म्हणाला असता. भानुमतीबाईंनी डिंकाचे चार लाडू कागदात बांधून दिले. अनंतरावांनी ते पिशवीत ठेवले, मफलर गळ्याभोवती घेतला, चपला हातात धरून पायऱ्या उतरले आणि फाटकापाशी पायात घातल्या. देवगावची एसटी साडेआठला होती. कडीचा आवाज होऊ न देता त्यांनी फाटक ओढून घेतलं आणि रिक्षाच्या थांब्याकडं चालू लागले.